मनोरीचें सणचक्र व फिरंगी सणांचा वारसा : कांहीं प्रचलित मतांचें परीक्षण

साष्टीच्या वायव्येस, मालाडच्या पश्चिमेकडील खाडीपलीकडे, मनोरी हें गांव आहे. मनोरी, गोराई, डोंगरी, उत्तन इत्यादि गांवांच्या या बेटास जुन्या कागदांत धारावी असें नांव आढळतें. मुंबई शहरांतील धारावी ती ही नव्हे. वसईच्या मोहिमेचीं पत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस हें स्थळ परिचित आहे. कारण १७३९ च्या प्रारंभीं चिमाजीआपांनीं धारावी घेतली, तेव्हां वसईच्या खाडीची दक्षिणेकडील बाजू मराठ्यांच्या हातीं आली आणि वसईचा शेवट जवळ आला. परंतु या बेटाचा इतिहास किल्ल्याबरोबर संपत नाहीं. सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्या आणि आज ‘ईस्ट इंडियन’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लोकांची येथें मोठी वस्ती आहे. घरची बोली मराठी, धर्म रोमन कॅथलिक, व्यवसाय परंपरेनें मासेमारी, भातशेती व बागाईत, आणि सणांचीं नांवें मात्र बरींचशीं पोर्तुगीज, असा हा समाज आहे.

इ. स. १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईचा मुलूख व साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ सालीं ती सत्ता येथून उठली. या दोनशें पांच वर्षांत युरोपांतून जे सण येथें आले, त्यांनीं या मराठी लोकांच्या संस्कृतीचें नेमकें काय केलें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्यावर आजवर जें लिहिलें गेलें त्याचें परीक्षण करण्याचा येथें विचार आहे.

या विषयावरील लिखाणांत दोन पक्ष दिसतात. एका पक्षाची दृष्टि फिरंगी अवशेषांवर आहे. डॉ. जेर्सन द कुन्हा यांचें चौल व वसई यांवरील पुस्तक १८७६ सालीं व मुंबईच्या उत्पत्तीवरील पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें. शिलालेख, चर्चें, मठ आणि तट यांचा जो शोध या विद्वानानें घेतला, त्याचें ऋण कोणीही नाकारणार नाहीं. परंतु अशा ग्रंथांवर पोसलेला वाचक सणांकडेही पडक्या चर्चाप्रमाणें पाहूं लागतो; म्हणजे पोर्तुगीज गेले, त्यांच्या भिंती राहिल्या, तसेच त्यांचे सणही राहिले, असें त्यास वाटतें. दुसरा पक्ष याच्या उलट. जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेला ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड १८८२ सालीं निघाला. त्यांत साष्टी व वसईच्या ख्रिस्ती लोकांविषयीं विस्तृत माहिती असून त्यांच्यांत टिकून राहिलेल्या हिंदु चालीरीतींची नोंद आवर्जून केलेली आहे. ही नोंद बहुमोल आहे. पण तिच्या आधारें पुढें एक मत रूढ झालें तें असें कीं, हे सण मूळचे हिंदूच, वर फक्त ख्रिस्ती मुलामा आहे. एल्सी बाप्टिस्टा यांच्या १९६७ सालच्या ईस्ट इंडियन समाजावरील ग्रंथानें या समाजाच्या चालीरीति आंतून पाहून प्रथमच एकत्र मांडल्या, हा त्या ग्रंथाचा मोठा गुण. तथापि त्यानंतरच्या किरकोळ लेखनांत वरील दोन मतेंच आलटून पालटून येत राहिलीं.

आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. सण ही एक अखंड वस्तु आहे आणि तिचें मूळ सांपडलें कीं तिचा अर्थ सांपडला, असें दोघेही धरून चालतात. वस्तुतः सणाचीं चार अंगें असतात : नांव, दिवस, विधि आणि निमित्त. हीं चारही एकाच हातचीं असलींच पाहिजेत असें नाहीं. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस हें सांगण्याची गरज नाहीं. पोथीचा कागद एका देशचा, मूळ संहिता दुसऱ्या काळची, लेखनिक तिसऱ्या गांवचा आणि समासांतील टीपा चौथ्याच्या असतात. म्हणून शहाणा संशोधक संपूर्ण पोथीस एकच सन देत नाहीं. कागद फिरंगी म्हणून तींतील ओव्या फिरंगी होत नाहींत. सणांच्या बाबतींतही हाच विवेक करावयास पाहिजे.

प्रथम दिवसाचा विचार करूं. युरोपचा खरा प्रभाव कोठें पडला असेल तर तो येथें. पोप ग्रेगरी यानें सुधारलेली कालगणना पोर्तुगालनें १५८२ च्या आक्टोबरांतच स्वीकारली आणि पुढील वर्षीं ती गोव्यास लागू झाली. मुंबई बेट १६६५ त इंग्रजांकडे गेलें, परंतु इंग्रजांनीं जुनी ज्यूलियन गणनाच १७५२ पर्यंत चालविली. म्हणजे माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर दोन निराळ्या तारखा चालत. १७०० पूर्वीं हें अंतर दहा दिवसांचें होतें, पुढें अकरा दिवसांचें झालें. १७३८ सालीं वांद्र्यास नाताळ म्हणून ज्या दिवशीं घंटा वाजली, त्या दिवशीं समोरच्या माहीमांतील इंग्रज कारकुनाच्या वहींत १४ डिसेंबर होता. वसईच्या शरणागतीची तारीख कोठें १६ मे तर कोठें ५ मे दिलेली दिसते, त्याचें कारण हेंच. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. त्याच दिवसाचे मराठी कागद शके १६६१ चे व शुहूर सन तिसा सलासीन मया व अलफचे असावयाचे. ख्रिस्ती सणाच्या उल्लेखावरून एखाद्या अव्वल पत्राचा दिवस ठरविणाऱ्यानें लिहिणारा कोणत्या तीरावरचा होता हें आधीं पाहिलें पाहिजे.

चार कालगणनांच्या या गर्दींत मनोरीच्या शेतकऱ्यास दोन गोष्टी नव्या मिळाल्या. एक, सातव्या दिवशीं नियमानें येणारा सुटीचा रविवार. दुसरी, चंद्राकडे न पाहतां ठरणारी तारीख. तिथीनें चालणारा सण कोणत्याही वारीं येतो. रविवारीं येणारा सण वारानें चालतो. वर्ष मोजण्याची रीत बदलणें हा देव बदलण्याहून लहान फरक नाहीं. गोराईचें चर्च पवित्र मागींच्या, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या, नांवें आहे. त्यांचा सण ६ जानेवारीचा. डोंगरीचें चर्च बेथलेहेमच्या मातेचें. अशा रीतीनें प्रत्येक गांवास आपला संत व आपला दिवस मिळाला. परंतु त्या दिवसास गांवानें जें रूप दिलें, माहेरवाशिणींचें येणें, पाहुण्यांच्या पंगती, नवस, मिरवणूक, दुकानांची रांग, तें ग्रामदैवताच्या जत्रेचेंच रूप आहे. येथें दिवस आणि संत युरोपचे, पण गांवास वर्षांतून एकदां एकत्र आणण्याचें कार्य जुनेंच.

आतां इंत्रुज. चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीं खाण्यापिण्याचे व थट्टामस्करीचे जे दिवस पाळतात त्यांस साष्टींत व वसईंत इंत्रुज म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रूदु’चा अपभ्रंश असून त्याचें मूळ लॅटिन ‘प्रवेश’ या अर्थाच्या शब्दांत आहे. उपवासांत प्रवेश, असा त्याचा भाव. येथें ‘कार्निव्हल’ हा शब्द रुजला नाहीं, जुना लौकिक शब्द रुजला, यावरून हा सण ग्रंथांतून नव्हे तर शिपाई, खलाशी व गांवचे पाद्री यांच्या तोंडून आला असें दिसतें. इंत्रुज म्हणजे ख्रिस्ती वेषांतील शिमगा, असें पुष्कळ वेळां लिहिलें जातें. दोहोंतील मोकळेपणाचें साम्य उघड आहे. परंतु पंचांग या मताच्या आड येतें.

ईस्टर हा २१ मार्चच्या अथवा तदनंतरच्या पौर्णिमेपुढील पहिल्या रविवारीं येतो, आणि इंत्रुजचा मंगळवार ईस्टरच्या सत्तेचाळीस दिवस आधीं. हिशेब केला म्हणजे असें निघतें कीं, इंत्रुज नेहमीं अमावास्येच्या आगेंमागें, फार तर शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंत, पडतो. होळी तर पौर्णिमेची. हे दोन सण एका दिवशीं येणें शक्यच नाहीं. २०२२ सालीं इंत्रुजचा मंगळवार १ मार्च रोजीं, म्हणजे नेमका महाशिवरात्रीस आला; होळी त्यानंतर सोळा दिवसांनीं, १७ मार्चला होती. उलट २०२१ व २०२४ या दोन्ही वर्षीं होळीची रात्र झावळ्यांच्या रविवारीं आली, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या सप्ताहाच्या तोंडावर. एकंदरींत होळी ही नेहमीं उपवासकाळाच्या आंतच पडते.

या एका गोष्टीनें सर्व प्रश्नाचें स्वरूप पालटतें. शेजारचा कोळी जेव्हां शिमग्याचीं सोंगें काढतो व होडी रंगवितो, तेव्हां ख्रिस्ती कोळ्याच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटून गेलेला असतो आणि त्याच्या घरीं मांस व नाचगाणें वर्ज्य असतें. शिमग्यांत भाग घ्यावयाचा तर व्रत मोडतें. न घ्यावा तर वर्षांतला एकमेव मोकळा दिवस जातो. ही अडचण इंत्रुजनें सोडविली. म्हणून इंत्रुज हा शिमग्याचा वेष नव्हे. शिमग्याची जागा रिकामी झाल्यावर तिच्यावर आणून बसविलेला तो दुसरा सण आहे. नांव व दिवस परके, पण गरज येथली. युरोपांतून आलेल्या शेंकडों सणांपैकीं कोणते रुजले व कोणते नुसते पंचांगांत राहिले, याचें उत्तर अशा रिकाम्या जागांच्या शोधांतच सांपडेल.

तिसरें उदाहरण आगेऱ्याचें, आणि तेथें उलट प्रकार आहे. भाताचीं नवीं कणसें चर्चांत आणून पाद्र्याकडून मंत्रवून घ्यावयाचीं, त्यांची मिरवणूक काढावयाची आणि मग तीं घरोघर न्यावयाचीं, हा सण साष्टींतील गांवठाणांत आक्टोबरच्या पहिल्या रविवारीं करितात. निमित्ताविषयीं वाद नाहीं. तें शेताचें आहे. कोकणांत आश्विनी पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा म्हणतात तें याच हंगामास. गोव्यांतही कणसांचें फेस्त आहे, पण तें निरनिराळ्या गांवीं निरनिराळ्या दिवशीं असतें. गोव्याच्या साष्टींतील राय गांवीं तें ५ आगस्टला, तर ताळगांवीं २१ आगस्टला होतें. हा सण युरोपांतून तयार होऊन आला असता तर त्याचा दिवस नाताळाप्रमाणें सर्वत्र एकच राहिला असता. दिवस शेतांतील पिकाप्रमाणें बदलतो, यावरून सण शेतांतून चर्चांत गेला, चर्चांतून शेतांत आला नाहीं, हें स्पष्ट होतें.

मग आक्टोबरचा पहिला रविवारच कां? आमच्या अनुमानानें त्याचें उत्तर असें आहे. लेपांतोच्या १५७१ च्या आरमारी लढाईच्या स्मरणार्थ सुरू झालेला जपमाळेच्या मातेचा सण पोप तेराव्या ग्रेगरीनें १५७३ सालीं आक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ठेविला. तो १७१६ त सर्व रोमन चर्चास लागू झाला आणि १९१३ पर्यंत त्याच रविवारीं राहिला. राय येथील ५ आगस्ट हाही हिमाच्या मातेचा दिवस आहे. म्हणजे गांवचें नवान्न जवळांत जवळ असलेल्या मातेच्या सणाच्या खुंटीवर अडकविलें गेलें. भूमध्य समुद्रांतील तुर्कांवरील विजयाचा दिवस उत्तर कोकणांत भाताच्या लोंब्यांचा दिवस झाला. युरोपचें स्मरण गळून पडलें, युरोपची तारीख तेवढी राहिली. 

आगेरा या नांवाविषयीं मात्र एक आक्षेप घेणें अवश्य आहे. हा शब्द लॅटिन ‘आगेर’, म्हणजे शेत, यापासून आला असें अनेक ठिकाणीं छापलें जातें. ही व्युत्पत्ति कानास गोड लागते, पण टिकत नाहीं. या समाजांतील सणांचे इतर सर्व शब्द, नाताळ, इंत्रुज, फेस्त, क्रूस, हे बोलीच्या पोर्तुगिजेंतून आलेले आहेत, ग्रांथिक लॅटिनमधून नव्हेत. आणि पोर्तुगीज शेतकरी शेतास ‘कांपु’ म्हणतो, ‘आगेर’ म्हणत नाहीं. ज्या सणाचें निमित्त पूर्णपणें देशी त्याचेंच नांव तेवढें पाद्र्याच्या कोशांतून यावें, हें संभवत नाहीं. पहिल्या धान्याच्या वैदिक इष्टीस संस्कृतांत आग्रयण म्हणतात. उत्तर कोकणांत आगर व आगरी हे शब्द घरोघरचे आहेत. या दोहोंपैकीं एकाकडे वळण्यापूर्वीं मधल्या काळांतील रूपें कागदांत सांपडलीं पाहिजेत. ध्वनिसाम्यावर समाधान मानण्याची जी खोड लॅटिनवाल्यांस लागली ती संस्कृतवाल्यांनीं लावून घेऊं नये.

येथवर जें सांगितलें तें अनुमानाचें झालें. परंतु इतिहासानें या प्रश्नाची एक कसोटीही घेऊन ठेविली आहे, आणि वरील दोन्ही पक्षांनीं तिच्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. १७३९ पासून १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं साष्टी घेईपर्यंत पस्तीस वर्षें हा मुलूख मराठ्यांकडे होता. फिरंगी कॅप्टन गेला, फिरंगी मठ ओस पडले, सणास पैसा व शिपाई पुरविणारी सत्ता नाहींशी झाली. हे सण जर केवळ सत्तेनें लादलेले असते तर सत्तेबरोबर गेले असते. आणि ते वरवरचा मुलामा असते तर या पस्तीस वर्षांत सहज खरवडून निघाले असते. दोन्ही झालें नाहीं. वसईच्या तहांत ख्रिस्ती रयतेस धर्म पाळण्याची मोकळीक व पांच चर्चें राखण्याची सवलत होती. १७६० च्या अखेरीस साष्टींतून प्रवास केलेला फ्रेंच पंडित आंकेतील द्यु पेरों यानें मराठी अमलांतही ख्रिस्ती लोक आपले उत्सव उघडपणें करितात असें लिहून ठेविलें आहे. या युद्धांत उद्ध्वस्त झालेलें वांद्र्याच्या डोंगरावरील मरियेचें देऊळ १७६१ सालीं पुन्हां उभें राहिलें, तें पोर्तुगिजांच्या नव्हे, पेशव्यांच्या राज्यांत. ८ सप्टेंबरच्या त्या सणास येणारे लोक तिला मोत माउली म्हणतात. यांतील ‘मोत’ हा पोर्तुगीज ‘मोंति’, म्हणजे डोंगर, ‘माउली’ आपली. एका नांवांत दोन भाषा आहेत, परंतु हांक मारणाऱ्याच्या मनांत दोन देवी नाहींत.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : हे सण पोर्तुगिजांनीं दिले ते सोळाव्या शतकांत, पण ते या लोकांचे झाले ते अठराव्या शतकांत, जेव्हां ते पाळण्यास कोणी सांगणारा उरला नाहीं तेव्हां. मूळ कोणाचें हा प्रश्न गौण. धरून कोणीं ठेविलें हा प्रश्न मुख्य.

हा नियम साष्टीपुरताच नाहीं. पोर्तुगिजांची जहाजें ज्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येथें आलीं, तेथेंही याची साक्ष मिळते. पश्चिम आफ्रिकेंतील कोंगोचा राजा म्वेंबा न्झिंगा, ज्यानें आफोन्सो हें ख्रिस्ती नांव घेतलें, त्यानें १५०९ च्या सुमारास राज्य मिळवितांना झालेल्या लढाईंतील जयाचें श्रेय संत याकोबास दिलें. पुढें २५ जुलै हा त्या संताचा दिवस कोंगोचा राष्ट्रीय सण झाला. त्या दिवशीं सरदार जमत, शस्त्रें घेऊन संचलन करीत आणि कर भरला जाई. स्पेन-पोर्तुगालांत मूरांविरुद्ध हांक मारण्याचा जो संत, तो तेथें आफ्रिकी राजवंशाच्या स्थापनेचा साक्षी झाला. अंगोलाचें उदाहरण याहून अर्वाचीन आहे. १९७५ त स्वतंत्र झाल्यावर त्या देशानें पोर्तुगिजांचा उपवासपूर्व उत्सव टाकून दिला नाहीं. १९७८ पासून कांहीं वर्षें त्यानें तो ‘विजयाचा कार्निव्हल’ म्हणून २७ मार्चला साजरा केला, कारण १९७६ सालीं त्या दिवशीं दक्षिण आफ्रिकेचें सैन्य देशाबाहेर गेलें होतें. हा उत्सव आणि मनोरीचा इंत्रुज हे एकाच कुळांतले. अंगोलानें नांव ठेवून दिवस बदलला, कारण तेथें राज्य आपलें होतें. साष्टीच्या रयतेनें दिवस ठेवून निमित्त बदललें, कारण तिच्या हातीं राज्य नव्हतें, शेत होतें. कोंगोंत हें काम राजानें केलें, अंगोलांत सरकारनें, येथें कुणबी-कोळ्यानें. युरोपच्या सणांनीं आफ्रिकेची वा कोकणची अस्मिता पुसली, असें सरसकट म्हणणारे या भेदाकडे दुर्लक्ष करितात. आणि कांहींच बदललें नाहीं असें म्हणणारेही तेंच करितात.

येथें एका गोष्टीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. या समाजानें फिरंग्यांचे सण आपलेसे केले, परंतु त्याचें आजचें नांव मात्र एका इंग्रजी उत्सवाच्या वर्षीं त्यास चिकटलें. १८८७ हें व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचें वर्ष. गोवें व मंगळूर येथून नोकरीसाठीं मुंबईस आलेल्या कॅथलिकांपासून आपण निराळे, येथलेच जुने रहिवासी आहोंत, हें सरकारास कळावें म्हणून त्या प्रसंगीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेण्यांत आलें व त्याच वर्षीं त्या नांवाची मुंबईंतील संस्था स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनीं ‘पूर्वेचे’ म्हणवून घ्यावें, आणि आपण भूमिपुत्र आहोंत हें इंग्रजी कंपनीच्या नांवानें सिद्ध करावें, यांतील विसंगति उघड आहे. तरीही हें नांव घेण्यामागील हेतु जमिनीवरील हक्काचा होता, आणि तो हेतु मराठी आहे. नांव परकें व निमित्त आपलें, हा आगेऱ्याइंत्रुजांत दिसलेला प्रकारच येथेंही आहे.

असो. आतां या चर्चेचा व्यवहारांत काय उपयोग, तें सांगून लेख पुरा करितों. निमित्त टिकलें तर सण टिकतो, असें वर दाखविलें. परंतु आज निमित्तच जात आहे. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. त्यानंतर साष्टीतील बहुतेक गांवांचीं शेतें इमारतींखालीं गेलीं. जेथें शेत नाहीं तेथें आगेऱ्याचीं कणसें बाहेरून आणावीं लागतात. खाडीमुळें मनोरी-गोराईकडे हें उशिरां पोहोंचलें, इतकेंच. शेत गेल्यावर उरतो तो फक्त आक्टोबरचा पहिला रविवार; म्हणजे सणाच्या चार अंगांपैकीं नेमकें युरोपचें अंग तेवढें शिल्लक राहतें. जें फिरंगी सत्तेला दोनशें वर्षांत साधलें नाहीं, तें जमिनीच्या भावानें पन्नास-साठ वर्षांत साधावें, हा या इतिहासांतील सर्वांत गंभीर भाग होय.

अशा वेळीं संशोधकांचें कर्तव्य स्पष्ट आहे. फ्रान्सिश्कु व्हाज द गिमारांइश याचें ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ त लिस्बन येथें रोमी अक्षरांत छापलें गेलें. त्याची भाषा उत्तर कोकणच्या मराठीची आहे आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईस तें पुन्हां छापावें लागलें, इतका त्याचा येथील ख्रिस्ती लोकांत प्रसार होता. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण, जें प्रथम १६१६ सालीं राशोल येथें छापलें, तेंही रविवारीं व सणाच्या दिवशीं चर्चांत वाचण्यासाठीं होतें. उपवासकाळ युरोपचा, पण तो घालविण्याची रीत पुराणश्रवणाची, याहून उत्तम पुरावा आमच्या सिद्धान्तास कोणता पाहिजे? अशा पुराणांच्या फाटक्या प्रती, त्यांवरून उतरलेल्या वह्या, लग्नांतील व इंत्रुजांतील गाण्यांचीं बाडें, सणाचा खर्च मांडणाऱ्या गांवकी व बंधुसंघांच्या चोपड्या, हीं साधनें अद्याप मनोरी, गोराई, उत्तन व वसईकडील जुन्या घरांत असावयास हरकत नाहीं. त्यांचीं अक्षरें कित्येकदां रोमी असतात, म्हणून मराठी पोथ्या जमविणारा त्यांस हात लावीत नाहीं. आणि भाषा मराठी असते, म्हणून पोर्तुगीज कागद जमविणारा त्या बाजूस ठेवितो. या दोहोंच्या मधें त्या नष्ट होत आहेत. त्याचप्रमाणें पेशवे दफ्तरांतील साष्टी-वसईसंबंधींचे कागद आजवर बहुधा मोर्चे, सुरुंग व तहनामे यांसाठींच चाळले गेले. १७३९ ते १७७४ मधील महालांच्या हिशेबांत चर्चांच्या इनामाचे, सणानिमित्त दिलेल्या सुटीचे अथवा माफीचे उल्लेख आहेत काय, या दृष्टीनें ते पुन्हां वाचले पाहिजेत. आगेरा हा शब्द त्यांत मोडी लिपींत एकदां जरी सांपडला, तरी लॅटिन व्युत्पत्तीचा वाद एका दिवसांत मिटेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते, अथवा निदान त्यांच्या नकला, मंडळाकडे पाठवाव्या, अशी विनंती आहे.